एक्सपीवरचं पेजमेकर विंडोज ११ वर चालवायचं तर: अमळनेरच्या प्रश्नाला सविस्तर उत्तर

अमळनेरहून एका प्रेसवाल्या भावाने विचारलं आहे, ते थोडक्यात असं. वडिलांच्या काळापासूनचा एक्सपीचा कॉम्प्युटर आहे. त्यावर पानं जुळवायचं पेजमेकर ७ आणि मराठी फॉन्ट-टायपिंगचं श्रीलिपी, मागे यूएसबीला श्रीलिपीचं लॉक, म्हणजे जी लावल्याशिवाय सॉफ्टवेअर चालत नाही ती चावी. लग्नपत्रिका, बिलबुकं, शाळांच्या प्रश्नपत्रिका, सखाराम महाराजांच्या यात्रेची हँडबिलं असं पंधरा-वीस वर्षांचं काम त्याच डिस्कवर आहे. आता तो दुपारच्या वेळी आपोआप बंद पडतो. नवा विंडोज ११ चा कॉम्प्युटर आणलाय, पण पेजमेकरची सीडी सापडत नाही. एक्सपीची आणि श्रीलिपीची आहे. व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत सॉफ्टवेअरने उभ्या केलेल्या दुसऱ्या कॉम्प्युटरमध्ये, एक्सपी चालेल का, लॉक ओळखेल का, आणि हे लग्नसराईच्या आधी उरकेल का? शिवाय शेजारच्या अडत दुकानातला फॉक्सप्रो या जुन्या डेटाबेस सॉफ्टवेअरमधला हिशेबही असाच अडकलाय, त्याचं काय करायचं?

भाऊ, चालेल. लागणारं नवं सॉफ्टवेअर फुकट मिळतं आणि डिस्क धड असेल तर दोन दिवसांत काम उभं राहतं. पण जो तो आधी व्हर्च्युअलबॉक्स, म्हणजे अशी मशीन उभी करणारं सॉफ्टवेअर, उतरवून घेतो आणि जुन्या डिस्ककडे शेवटी वळतो. तुमच्या बाबतीत उलट करा. एक्सपी पुन्हा टाकता येईल, लॉकचा ड्रायव्हर पुन्हा टाकता येईल, त्या डिस्कवरचं काम पुन्हा येणार नाही. म्हणून जुना कॉम्प्युटर आत्ता बंद करा आणि "एकदा सुरू करून बघू" म्हणून बटण दाबू नका. खानदेशातला मे महिना ४४-४५ अंशांचा, त्यात प्रेसमध्ये कागदाची धूळ. प्रोसेसरचा पंखा आणि खालचं हीटसिंक भरून गेलेलं असतं, पेस्ट वाळलेली असते, नाहीतर वीज पुरवणारं एसएमपीएस दमलेलं असतं. अशा मशीनची वीज मध्येच जाते तेव्हा डिस्क लिहीत असली तर फाईलच जाते.

डिस्क बाहेर काढा. रुंद चपटी ४० पिनांची पट्टी असेल तर ती आयडीई, बारीक चपटी केबल असेल तर साटा. दोन्हींना चालणारा यूएसबी कन्व्हर्टर कॉम्प्युटरच्या दुकानात मिळतो. घेताना सोबत वेगळा पॉवर अडॅप्टर आहे ना ते बघा. साडेतीन इंची डिस्कला १२ व्होल्ट लागतात, ते यूएसबीतून मिळत नाहीत. आयडीई डिस्कवर एक छोटा जंपर असतो, तो "मास्टर"वर ठेवा.

आता या डिस्कची हुबेहूब प्रत, म्हणजे इमेज काढायची. फाईली कॉपी करून भागत नाही, कारण सीडी नसल्याने तुमचं पेजमेकर रजिस्ट्रीसकट, म्हणजे विंडोजच्या आतल्या नोंदवहीसकट, उचलायचं आहे. माझी पद्धत अशी: लिनक्सच्या लाइव्ह पेनड्राइव्हवर (डिस्कवर काही न टाकता चालणारं लिनक्स) नवा कॉम्प्युटर सुरू करायचा आणि डिस्कची प्रत काढणारं डीडीरेस्क्यू चालवायचं. साध्या डीडी कमांडपेक्षा हे मला पसंत आहे, कारण डिस्कवर खराब जागा लागली तर ते तिथे डोकं आपटत बसत नाही. आधी चांगला भाग उचलून घेतं, खराब जागांची नोंद एका मॅप फाईलमध्ये ठेवतं आणि शेवटी त्यांच्याकडे वळतं. मध्ये वीज गेली तरी त्या नोंदीवरून पुढे सुरू होतं. हा गुण आपल्याकडे फार उपयोगाचा.

इथे एका गोष्टीकडे डोळ्यात तेल घालून बघा. डीडीरेस्क्यूला आधी कुठून आणि मग कुठे, असं दोन्ही सांगावं लागतं. उलट सांगितलं तर तुमच्या जुन्या डिस्कवरच लिहिलं जाईल. नावावर विसंबू नका, आकारावरून ओळखा. ८० जीबीची डिस्क यादीत ७४.५ म्हणून दिसते, ४० ची ३७ च्या आसपास. नव्या कॉम्प्युटरची डिस्क त्याच्या कितीतरी पट मोठी असणार, त्यामुळे गल्लत व्हायचं कारण नाही. डिस्क निरोगी असेल तर ८० जीबीला पाऊण ते एक तास लागतो. खराब असेल तर रात्रभरही लागू दे, घाई करू नका. विंडोजमध्ये ही डिस्क जोडली आणि "फॉरमॅट करायची का?" असं विचारलं तर उत्तर नाही.

इमेजच्या दोन प्रती दोन वेगळ्या डिस्कांवर ठेवा. मूळ डिस्क कागदात गुंडाळून, वर तारीख लिहून कपाटात. पुढचं सगळं काम इमेजच्या प्रतीवर करायचं. ते बिघडलं तरी पुन्हा तिथूनच सुरू करता येतं.

आता नवा कॉम्प्युटर. टास्क मॅनेजरमध्ये परफॉर्मन्स, सीपीयू असं उघडलं की खाली "व्हर्च्युअलायझेशन" दिसतं. ते "डिसेबल्ड" असेल तर बायोसमधून, म्हणजे विंडोजच्या आधी उघडणाऱ्या सेटिंगमधून, चालू करावं लागतं. इंटेलच्या बोर्डावर त्याला व्हीटी-एक्स किंवा इंटेल व्हर्च्युअलायझेशन म्हणतात, एएमडीच्या बोर्डावर एसव्हीएम मोड. व्हर्च्युअलबॉक्सच्या ६.१ पासून हे असल्याशिवाय मशीन सुरूच होत नाही. बायोसला हात लावण्याआधी विंडोज ११ मध्ये डिव्हाइस एन्क्रिप्शन किंवा बिटलॉकर, म्हणजे डिस्कला लागलेलं कुलूप, चालू आहे का ते तपासा आणि असल्यास रिकव्हरी की कागदावर लिहून घ्या. बायोस बदलल्यावर ती कधी कधी मागितली जाते आणि तेव्हा ती हाताशी नसली तर नवा कॉम्प्युटरच कुलूपबंद होतो.

सॉफ्टवेअर कोणतं? व्हर्च्युअलबॉक्सचा मूळ भाग मुक्त परवान्याचा आहे, धंद्यात वापरायला हरकत नाही. त्याच्या एक्स्टेन्शन पॅकचा परवाना मात्र वेगळा आहे, धंद्यासाठी तो विकत घ्यावा लागतो. पूर्वी यूएसबी २ साठी तो पॅक लागायचा, ७.० पासून यूएसबी २ आणि ३ मूळ भागातच आले, म्हणून तुम्हाला त्याची गरज नाही, टाकू नका. व्हीएमवेअर वर्कस्टेशन प्रो नोव्हेंबर २०२४ पासून धंद्यालाही मोफत झालं आणि यूएसबीच्या बाबतीत तेही चांगलं आहे. पण डाउनलोडसाठी खातं काढून वेबसाइटवर शोधाशोध करावी लागते. मायक्रोसॉफ्टचं स्वतःचं हायपर-व्ही तुमच्या कामाचं नाही: ते होम आवृत्तीत येत नाही आणि त्यात यूएसबीचं लॉक आतल्या मशीनला सरळ देता येत नाही. प्रेसचा सगळा खेळ लॉकवर आहे, म्हणून तिथेच विषय संपला. व्हर्च्युअलबॉक्स घ्या.

त्यात नवं मशीन तयार करताना प्रकार विंडोज एक्सपी ३२ बिट. रॅम १ जीबी पुरे. पेजमेकर ७ हे २००१ सालचं सॉफ्टवेअर आहे, त्याला ४ जीबी देऊन ते जास्त पळणार नाही. प्रोसेसर एकच द्या. ईएफआय बंद. ग्राफिक्स कंट्रोलर व्हीबॉक्सव्हीजीए. डिस्कचा कंट्रोलर आयडीई, प्रकार पीआयआयएक्स४. नवीन माणूस इथेच अडकतो: साटा निवडतो आणि एक्सपी निळ्या पडद्यावर जातं, कारण एक्सपीच्या सीडीत आजच्या साटा पद्धतीचा ड्रायव्हरच नाही. नेटवर्क "नॉट अटॅच्ड". हे शेवटपर्यंत तसंच ठेवायचं आहे, कारण खाली सांगतो.

काढलेली इमेज व्हर्च्युअलबॉक्सच्या डिस्कमध्ये बदलायला व्हीबॉक्समॅनेज ही कमांड आहे, तिच्यातलं "कन्व्हर्टफ्रॉमरॉ". इमेजचं नाव आणि नव्या व्हीडीआय फाईलचं नाव दिलं की ती बदलून देते, आणि डिस्कवरची जागा खरोखर कोरी असेल तर फाईल लहान होते. ही व्हीडीआय आयडीई कंट्रोलरला जोडा. सुरू करण्याआधी एक स्नॅपशॉट घ्या, म्हणजे बिघडलं तर मशीन या क्षणाच्या स्थितीला परत आणता येतं.

सुरू केल्यावर बहुतेक निळा पडदा येईल, आकड्याच्या शेवटी ७बी. घाबरू नका. एक्सपीला आपल्या जुन्या मदरबोर्डचा डिस्क कंट्रोलर पाठ असतो. व्हर्च्युअल मशीन त्याच्यासमोर इंटेलच्या नव्वदच्या दशकातल्या चिपसेटचं रूप घेऊन उभं राहतं, त्याचा ड्रायव्हर त्याने चालू ठेवलेला नसतो, म्हणून त्याला स्वतःची डिस्कच दिसत नाही. रजिस्ट्रीत नोंदी घालून हे सोडवता येतं, त्यासाठी मर्जआयडीई नावाची छोटी फाईलही मिळते, पण ती जुन्या मशीनवर आधी चालवावी लागते. तुमचं मशीन त्या अवस्थेत नाही. तुमच्याकडे एक्सपीची सीडी आहे, म्हणून दुरुस्तीचा मार्ग घ्या. त्याने हार्डवेअरची ओळख नव्याने होते आणि पेजमेकर, फॉन्ट, श्रीलिपी जागच्या जागी राहतात.

हे नीट वाचून करा. नव्या कॉम्प्युटरला सीडी ड्राइव्ह नसेल तर दुसरीकडे सीडीची आयएसओ फाईल, म्हणजे सीडीची हुबेहूब प्रत, काढून आणा. ती व्हर्च्युअल मशीनच्या सीडी ड्राइव्हला लावून मशीन सुरू करा. "प्रेस एनी की" आलं की दाबा. पहिल्या निळ्या पडद्यावर तीन पर्याय येतात: पुढे जायला एंटर, दुरुस्तीला आर, बाहेर पडायला एफ३. इथे आर दाबू नका. तो आर रिकव्हरी कन्सोलचा, म्हणजे काळ्या पडद्यावर कमांड टाकायच्या जागेचा. एंटर दाबा, परवान्याला एफ८ दाबा. मग सेटअप डिस्कवरचं जुनं विंडोज शोधून दाखवतं आणि विचारतं, दुरुस्त करायचं का. इथला आर आपला. हा दुसरा आर दिसलाच नाही, तर सरळ एफ३ दाबून बाहेर या. पुढे जाऊन नवीन विंडोज टाकायला सुरुवात केलीत तर पेजमेकरची रजिस्ट्री गेली समजा. दुसरा आर न दिसण्याचं सर्वसाधारण कारण म्हणजे सीडी वेगळ्या जातीची असणं: टाकलेलं विंडोज ओईएम (कॉम्प्युटरसोबत आलेलं) आणि सीडी रिटेल (वेगळी विकत घेतलेली), किंवा डिस्कवर सर्व्हिस पॅक ३ आणि सीडी पहिल्या आवृत्तीची. कॉम्प्युटरसोबत आलेली मूळ सीडी शोधा. फाईली उतरल्यावर मशीन आपोआप रिस्टार्ट होतं. त्या वेळी "प्रेस एनी की" आलं तरी काहीही दाबायचं नाही, नाहीतर पुन्हा पहिल्या पायरीवर.

जुना कॉम्प्युटर इंटेलचा आणि नवा एएमडीच्या रायझनचा असेल तर आणखी एक निळा पडदा येऊ शकतो, त्यावर "इंटेलपीपीएम" असं नाव दिसतं. तो इंटेल प्रोसेसरच्या वीज बचतीचा ड्रायव्हर. यासाठी मात्र पहिल्या आरने रिकव्हरी कन्सोलमध्ये जायचं, "डिसेबल इंटेलपीपीएम" अशी कमांड द्यायची आणि रिस्टार्ट. तो बंद पडला म्हणून एक्सपीचं काही अडत नाही.

परवान्याचं स्पष्ट सांगून ठेवतो. दुरुस्तीनंतर एक्सपी नव्याने अॅक्टिव्हेशन मागेल. डब्यात आलेली रिटेल प्रत असेल तर ती एका मशीनवरून काढून दुसऱ्यावर नेता येते. कॅबिनेटवर स्टिकर असलेली ओईएम प्रत त्या मशीनशी बांधलेली असते, ती अशी हलवायला परवान्यात मुभा नाही. तुमची कोणती ते स्टिकर आणि सीडीवरून आधीच बघून घ्या. कुठूनतरी "आधीच अॅक्टिव्हेट केलेलं एक्सपी" किंवा लॉक तोडलेली श्रीलिपी आणून टाकू नका. परवान्याचा भाग बाजूला ठेवला तरी अशा फाईलीत दुसरं काय भरलेलं आहे ते कळायला मार्ग नसतो, आणि तुम्ही ती गिऱ्हाइकांचं काम असलेल्या मशीनवर टाकणार असता.

डेस्कटॉप दिसला की डिव्हाइसेस मेनूतून गेस्ट अॅडिशन्सची सीडी लावा आणि टाका. माउस सुटा होतो, पडदा मोठा होतो, शेअर्ड फोल्डर मिळतो. "ड्रायव्हर तपासलेला नाही" असं एक्सपी म्हणेल, "कंटिन्यू एनीवे" करा. मग जुने ग्राफिक्स, साउंड आणि प्रिंटरचे ड्रायव्हर काढून टाका, त्यांचं आता काम नाही. मशीन नीट शट डाउन करा, दुसरा स्नॅपशॉट घ्या.

आता लॉक. ते नव्या कॉम्प्युटरच्या मागच्या यूएसबीला थेट लावा, हबमधून नको. विंडोज ११ मध्ये त्याचा ड्रायव्हर टाकू नका. बाहेरच्या विंडोजने ते धरून ठेवलं तर आत जायला कटकट करतं. व्हर्च्युअलबॉक्सच्या सेटिंगमध्ये यूएसबी चालू करा आणि कंट्रोलर १.१ किंवा २.० निवडा. ३.० निवडलात तर एक्सपीकडे ड्रायव्हर नाही आणि काहीच दिसणार नाही. बाजूच्या अधिकच्या चिन्हावर क्लिक केलं की जोडलेल्या वस्तूंची यादी येते, त्यातलं लॉक निवडा. एक फिल्टर तयार होतो. तो उघडून त्यात व्हेंडर आयडी आणि प्रॉडक्ट आयडी एवढंच ठेवा, बाकीचे रकाने रिकामे करा, म्हणजे उद्या लॉक दुसऱ्या पोर्टला लावलं तरी चालेल. आता एक्सपी सुरू झालं की लॉक बाहेरून सुटून आत जातं. आतल्या डिव्हाइस मॅनेजरमध्ये पिवळं चिन्ह दिसलं तर श्रीलिपीच्या सीडीवरून लॉकचा ड्रायव्हर पुन्हा टाका. टाकताना लॉक काढून ठेवा, ड्रायव्हर बसल्यावर लावा.

तुमचं लॉक यूएसबीचं आहे हे नशीब. ज्यांचं लॉक जुन्या २५ पिनांच्या प्रिंटर पोर्टला बसतं त्यांच्यासाठी रस्ता अवघड आहे. यूएसबी ते पॅरलल अशी केबल मिळते, पण ती फक्त प्रिंटरसाठी असते. लॉकचं सॉफ्टवेअर पोर्टच्या मूळ पत्त्यावर जाऊन लॉकशी बोलतं आणि तो पत्ता त्या केबलमध्ये नसतोच. पैसे वाया घालवू नका. सॉफ्टवेअर कंपनीकडे जुनं लॉक देऊन यूएसबीचं मागा.

एक्सपी चालू झालं, पेजमेकर उघडलं, लॉक ओळखलं. आता नेट का नको ते सांगतो. एक्सपीला मायक्रोसॉफ्टचा आधार ८ एप्रिल २०१४ ला संपला. मे २०१७ मध्ये फाईली कुलूपबंद करून खंडणी मागणारं वॉनाक्राय पसरलं तेव्हा मायक्रोसॉफ्टने नेहमीचा नियम सोडून एक्सपीसाठी पॅच काढला होता. ते ज्या भोकातून शिरायचं ते फाईल शेअरिंगच्या एसएमबी१ या जुन्या पद्धतीतलं. एक्सपीला तेवढीच पद्धत येते, आणि विंडोज १० च्या २०१७ मधल्या आवृत्तीपासून ती बंद करून ठेवलेली आहे. एक्सपीला नव्या कॉम्प्युटरचं शेअरिंग दिसत नाही म्हणून पुष्कळ जण एसएमबी१ पुन्हा चालू करायला सांगतात. तुम्ही करू नका. व्हर्च्युअलबॉक्सचा शेअर्ड फोल्डर नेटवर्कवरून जातच नाही, त्याला एसएमबी१ लागत नाही. विंडोज ११ वर "देवाणघेवाण" नावाचा एकच फोल्डर करा आणि तेवढाच एक्सपीला द्या. पूर्ण डी ड्राइव्ह देऊ नका.

पेनड्राइव्हबद्दलही तेच. प्रेसच्या कॉम्प्युटरला दिवसभर गिऱ्हाइकांचे पेनड्राइव्ह लागतात, आणि फोल्डरचं चित्र लावून बसलेली "न्यू फोल्डर डॉट ईएक्सई" ज्या एक्सपीत कधी आली नाही असं मशीन मला फारसं दिसलेलं नाही. तुमच्या इमेजमध्येही असं काही असणार असं धरून चला. म्हणून गिऱ्हाइकाचा पेनड्राइव्ह विंडोज ११ लाच लावायचा, तपासायचा, आणि त्यातली हवी ती फाईलच "देवाणघेवाण"मध्ये टाकायची. आतून बाहेर येणारी फाईलही विंडोज ११ चा अँटिव्हायरस तपासेलच, त्याला बंद करू नका.

छपाईसाठी प्रिंटर एक्सपीला जोडायच्या भानगडीत पडू नका. नव्या लेझर प्रिंटरचे एक्सपी ड्रायव्हर बहुतेक मिळत नाहीत. पीडीएफ बाहेर काढा. एक्सपीत "अॅड प्रिंटर"मध्ये लोकल प्रिंटर घ्या, पोर्ट "फाईल" निवडा, आणि कंपन्यांच्या यादीत "जेनेरिक"खाली "एमएस पब्लिशर इमेजसेटर" आहे तो घ्या. हा एक्सपीबरोबरच येतो. हा पोस्टस्क्रिप्ट या छपाईच्या भाषेचा आहे आणि यात कागदाचा आकार आपल्याला हवा तो देता येतो. पत्रिकेच्या अडनिड्या मापांना हेच लागतं. त्याच्या सेटिंगमध्ये ट्रूटाइप फॉन्ट "सॉफ्टफॉन्ट म्हणून डाउनलोड" ठेवा, म्हणजे श्रीलिपीचे फॉन्ट फाईलीतच जातात. पेजमेकरमधून प्रिंट दिली की तयार होणारी फाईल "देवाणघेवाण"मध्ये ठेवा आणि विंडोज ११ वर घोस्टस्क्रिप्ट या सॉफ्टवेअरने तिची पीडीएफ करा. ती ट्रेसिंगवर काढा किंवा प्लेटवाल्याला पाठवा. पहिली पीडीएफ मोठी करून रफार, रकार आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासा, मगच नेहमीसाठी विश्वास टाका.

आतला मजकूर कॉपी करून बाहेर वर्डमध्ये चिकटवला तर इंग्रजी चिन्हांचा चिवडा दिसेल. मशीन बिघडलेलं नाही. जुने फॉन्ट इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवून केलेले आहेत, त्यामुळे फॉन्ट नसला की मूळ इंग्रजी चिन्हं दिसतात. युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर मराठीच दिसणाऱ्या पद्धतीत, नेण्यासाठी कन्व्हर्टर असतात, आणि पुढची कामं युनिकोडमध्येच सुरू करावीत असं माझं मत आहे. पण कन्व्हर्टरच्या मजकुराचं प्रूफ वाचावंच लागतं. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी साठवलेली असते, युनिकोडमध्ये अक्षरानंतर. रफाराचंही तसंच उलटसुलट. जोडाक्षरावर वेलांटी आणि रफार एकत्र आले की कन्व्हर्टर चुकतो. शुद्धलेखन तपासणाऱ्याच्या भरवशावरही राहू नका. पत्रिकेत "मना मामाना लगीनले या" असं अहिराणी आलं की ते त्याला चूक वाटतं आणि खरी चूक त्या लाल रेघांत हरवते.

पेजमेकरच्या फाईलींचं म्हणाल तर इनडिझाइनच्या सीएस६ पर्यंतच्या आवृत्त्या पेजमेकर ६ आणि ७ च्या फाईली उघडायच्या, पुढच्या नाही. म्हणजे तुमच्या जुन्या फाईलींना ही व्हर्च्युअल मशीन हेच खात्रीचं दार आहे. एकदा चालू झाली की ज्या कामांना दरवर्षी गिऱ्हाईक येतं, म्हणजे यात्रेची हँडबिलं, शाळांचे फॉर्म, बिलबुकं, ती पहिल्यांदा पीडीएफ करून घ्या. पत्रिका नंतर.

कधी कधी मशीन फारच संथ चालतं आणि व्हर्च्युअलबॉक्सच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसतं. म्हणजे विंडोजचं स्वतःचं हायपर-व्ही जागं आहे आणि व्हर्च्युअलबॉक्सला त्याच्यामार्फत काम करावं लागतंय. बहुधा कोअर आयसोलेशनमधलं "मेमरी इंटिग्रिटी" त्याला कारण असतं. ते बंद केलं की वेग येतो, पण ती सुरक्षेची सोय आहे. तुमचं पेजमेकर कासवासकट बरं चालत असेल तर तशीच राहू द्या. पान उलटायला त्रास होऊ लागला तरच बंद करा.

शेजारच्या अडत दुकानाचं थोडक्यात. फॉक्सप्रो डॉसचं असेल तर ते ६४ बिट विंडोजवर सरळ चालत नाही. विंडोज ११ तर ६४ बिटच येतं. त्यांना अख्खं एक्सपी लागेलच असं नाही, डॉसचे प्रोग्राम चालवणाऱ्या डॉसबॉक्स-एक्समध्ये बऱ्याचदा काम भागतं, आधी तेच करून बघा. एक्सपीत चालवायचं ठरलं तर डॉट मॅट्रिक्स प्रिंटर लॉकसारखाच फिल्टर लावून आत द्या. डॉसचा प्रोग्राम एलपीटी१ हे जुनं प्रिंटर पोर्ट शोधतो आणि प्रिंटर तर यूएसबीवर. म्हणून एक्सपीतच तो प्रिंटर शेअर करायचा आणि "नेट यूज" या कमांडने एलपीटी१ त्याच मशीनच्या त्या शेअरला जोडायचा. यासाठी आतल्या मशीनला एखादं नेटवर्क कार्ड जिवंत दिसावं लागतं, त्यांच्यापुरतं "होस्ट-ओन्ली" ठेवा. त्यातून बाहेर नेटवर जाता येत नाही.

बॅकअपसाठी एकच पद्धत धरा. रोज तयार होणारं काम "देवाणघेवाण"मध्ये सेव्ह करायचं, म्हणजे ते विंडोज ११ च्या नेहमीच्या बॅकअपमध्ये जातं. आठवड्यातून एकदा एक्सपी नीट शट डाउन करून, "सेव्ह स्टेट" नव्हे, मशीनचा पूर्ण फोल्डर बाहेरच्या डिस्कवर कॉपी करा. स्नॅपशॉटला बॅकअप समजू नका, तो त्याच डिस्कवर असतो आणि डिस्क गेली की त्याच्यासकट जातो. खूप स्नॅपशॉट साठवूही नका. सगळं स्थिर झालं की जुने काढून एक ठेवा. आणि यूपीएस नसेल तर आधी यूपीएस घ्या. एक्सपी चालू असताना वीज गेली की आतली आणि बाहेरची अशी दोन्ही विंडोज एकदम पडतात, आणि त्या क्षणी व्हीडीआयमध्ये लिहिणं चालू असेल तर ती फाईल उघडेनाशी होऊ शकते. उन्हाळ्यात बॅटरी लवकर उतरते, तिचा बॅकअप किती मिनिटं टिकतो ते एप्रिलमध्येच बघून ठेवा.

वेळेचा हिशेब असा धरा: इमेजला एक रात्र, दुरुस्ती आणि लॉकला दुसरा दिवस, मग आठवडाभर जुन्या कामांच्या पीडीएफ काढून एकेक पान तपासणं. तोवर नव्या पत्रिकांची घाईची कामं दुसऱ्या प्रेसमधून करून घ्या, अर्धवट मशीनवर गिऱ्हाइकाचं काम घेऊ नका. डिस्क काढल्यावर तिच्यावरच्या लेबलचा फोटो, एक्सपीच्या सीडीवर लिहिलेला मजकूर आणि नव्या कॉम्प्युटरचा प्रोसेसर कोणता, एवढं कळवा. सीडी ओईएम निघाली तर पुढचा रस्ता थोडा बदलेल, तो त्यावरून सांगतो.